टॅक्सीच्या बॉनेटखाली

वर्ध्याच्या रस्त्यावर मी एमजी-ए कधी पाहिली नाही, सिसितालिया तर नाहीच नाही. एमजी-ए इंग्लंडची, 1955 साली बाजारात आलेली दोन माणसांची उघडी मोटार. सिसितालिया 202 इटलीतल्या तोरिनो शहराची, 1947 ची. तिची काया पिनिन फारीनाने घडवली आणि न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 1951 मध्ये मोटारींचं प्रदर्शन भरवलं तेव्हा तिला त्यात मानाची जागा दिली. अशा गाड्या आपल्या भागात कुठून येणार?

पण त्यांच्या इंजिनांचा आवाज इथल्या पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या कानात बसलेला आहे. एमजी-एच्या बॉनेटखाली ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीजचं 1489 सीसीचं इंजिन होतं, आणि त्याच घराण्यातलं, तेवढ्याच सीसीचं इंजिन ॲम्बेसेडरमध्ये. सिसितालियात फियाट अकराशेचं 1089 सीसीचं इंजिन, तेच पद्मिनीत. नवरदेव आणायला, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात रात्री-बेरात्री पेशंट न्यायला, नागपूरहून गाडी गाठायला ज्या दोन मोटारी वर्षानुवर्षं धावल्या, त्यांच्या पोटात दोन देशांच्या स्पोर्ट्स कार दडलेल्या होत्या. हे कळल्यापासून बोरगाव मेघेतल्या एका गॅरेजसमोर चालणारा जुना वाद मी वेगळ्या कानाने ऐकू लागलो.

वाद घालणारे दोघे. भाऊंनी वर्धा-नागपूर ॲम्बेसेडर टॅक्सी चालवून मुलं शिकवली आणि आता मुलाच्या गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसतात. सर तंत्रनिकेतनात मशीन ड्रॉइंग शिकवायचे. त्यांची 1975 ची पद्मिनी अजून रस्त्यावर आहे, म्हणजे निदान गॅरेजपर्यंत तरी येते. त्या दिवशी ती आली आणि फाटकातच बंद पडली. मे महिना, दुपारचे चार.

भाऊ : या सर. पंपावर ओलं फडकं ठेवा आन गुमान बसा सावलीत. दहा मिनटात होते चालू.

सर : भाऊ, पंचेचाळीस अंशात तोरिनोची गाडी चालवतोय मी. ज्यांनी ही काढली त्यांच्या ड्रॉइंग बोर्डावर वर्धा नव्हतं.

भाऊ : मंग इंग्लंडवाल्याच्या बोर्डावर होतं काय? तिकडे तं बारमाही पानी. तरी माही गाडी अशी मधातच उभी राहे नाही.

सर : राहायची. बुटीबोरीला बॉनेट उघडं टाकून तुम्ही चहा प्यायचात, पॅसेंजर रस्त्यावर. मी त्यातला एक.

भाऊ : ते मी चहासाठी थांबवो.

फडक्याची गोष्ट आजच्या पोरांना सांगावी लागते. तेव्हाचा पेट्रोल पंप इंजिनालाच जोडलेला असे आणि इंजिनाच्याच दांड्याने हलत असे. इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ओढत बसतो आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. मग फडकं, पाणी, झाडाची सावली. सिसितालियालाही असाच त्रास होत असेल का, असा प्रश्न माझ्या मनात आला. पण ती आता संग्रहालयात एसीत उभी आहे.

गॅरेजच्या आतल्या बाकावर भाऊंच्या टॅक्सीचं इंजिन ठेवलेलं आहे, हेड उतरवलेलं. गाडी केव्हाच भंगारात गेली, इंजिन त्यांनी दिलं नाही. सर पिशवीतून व्हर्नियर काढून तिकडे गेले. भाऊंनी पाना लावून क्रँकची पुली फिरवली. चारपैकी पहिला पिस्टन वर आला, सरांनी माप घेतलं. तो हळूहळू सिलिंडरच्या तळाकडे गेला, सरांनी व्हर्नियरची मागची बारीक दांडी आत सोडून पुन्हा माप घेतलं. सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा पातळ थर चमकत होता आणि वरच्या कडेला पिस्टन रिंगने खोदलेली खाच बोटाला लागत होती.

सर : एकोणनव्वद मिलिमीटरला केसभर कमी.

भाऊ : साडेतीन इंच. त्याच्यासाठी व्हर्नियर कायले पाह्यजे?

सर : बरोबर, साडेतीन इंच. आता माझ्या गाडीतला पिस्टन पंचाहत्तरच मिलिमीटर खाली-वर करतो. ह्या दोन आकड्यांत इंग्लंड आणि इटलीतलं सगळं भांडण आहे. इंग्लंडात मोटारीवर कर कसा लावायचे माहीत आहे? सिलिंडरच्या व्यासाचा वर्ग, गुणिले सिलिंडरांची संख्या, भागिले अडीच. येईल तितक्या अश्वशक्तीचा कर. ह्या सूत्रात पिस्टन किती लांब जातो ह्याला जागाच नाही.

भाऊ : म्हनजे बारीक आन लांब केलं की कर वाचला.

सर : वाचला. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजांनी अरुंद व्यासाची, लांब स्ट्रोकची इंजिनं काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर तो कर गेला, पण कारखान्यातली यंत्रं आणि ड्रॉइंगवाल्यांचे हात तेच राहिले. तुमच्या ह्या बी-सिरीजचं बघा. बाराशे सीसीचं काढलं, पंधराशेचं काढलं, पुढे एमजी-बीसाठी अठराशेचं काढलं. स्ट्रोक प्रत्येकात साडेतीन इंच! व्यास तेवढा वाढवत नेला. इटलीत उलट. तिथे कर इंजिनाच्या एकूण आकारमानावर, पेट्रोल महाग, माणसं गरीब. मग इंजिन लहान ठेवा आणि त्याला जोरात फिरवा. पिस्टनला अंतर कमी असलं की तो जास्त फेरे सहन करतो.

भाऊ : कागदावर. रस्त्यावर काय होते ते मी सांगतो. आत सहा जनं, वरती ट्रंका, डिक्कीत संत्र्याची टोपली. पवनारचा पूल चढताना चौथ्या गिअरमधेच गाडी ओढे. गिअरले हात लावाची गरज नाही. तुमची फियाट तिथं केकाटे, दुसरा टाका, मंग तिसरा टाका. बैलासारखं इंजिन पाह्यजे सर, जू ठेवलं की मान खाली घालून चालाले लागते.

सर : आणि इंग्रजांनी ह्या बैलाला शर्यतीत उतरवलं, दोन एसयू कार्ब्युरेटर लावून.

भाऊ : उतरवलं ना! ले मान्सच्या चोवीस तासांत. एक गाडी आपटली, दोन पूर्ण पळाल्या. तुम्हीच सांगितलं होतं मांगच्या वेळी.

सर : 1955. बारावी आणि सतरावी आली.

भाऊ : पोहोचली ना? टॅक्सीवाल्याले तेच पाह्यजे.

इथे मला भाऊंची बाजू घ्यावीशी वाटते. इंग्लंडची स्पोर्ट्स कार ही मुळात घरगुती गाडीच्या सामानातून उभी केलेली वस्तू होती. एमजी ह्या नावातच ऑक्सफर्डचं मॉरिस गॅरेज आहे. तिथल्या सेसिल किम्बरने मॉरिसच्या साध्या गाड्यांवर वेगळी बॉडी चढवून विकायला सुरुवात केली आणि पुढे तीच रीत झाली: इंजिन सलूनचं, गिअरबॉक्स सलूनची, मागे तेच कमानपाटे. बदललं ते हेड, कार्ब्युरेटर आणि बसायची उंची. त्यामुळे ती स्वस्त पडली. शाळामास्तराला, नव्या डॉक्टरला परवडली. 1955 ते 1962 ह्या सात वर्षांत एक लाखाहून अधिक एमजी-ए तयार झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक बोटीने परदेशी, मुख्यतः अमेरिकेला गेल्या. सिसितालिया 202 किती झाल्या? सुमारे 170.

सरांना हा आकडा आवडत नाही. ते चष्मा काढून पुसू लागले.

सर : भाऊ, गंमत ऐका. तुमच्या ॲम्बेसेडरला वेगळी चॅसिस नाही. खालचा सांगाडा आणि वरची बॉडी एकच पेटी. मॉरिस ऑक्सफर्डपासूनच तसं आहे. पण एमजी-ए? तिच्याखाली शिडीसारखी वेगळी चॅसिस, वरून पत्र्याची बॉडी ठेवलेली. म्हणजे ज्या गाडीला लोक स्पोर्ट्स कार म्हणत होते तिची बांधणी तुमच्या टॅक्सीपेक्षा एक पिढी जुनी!

भाऊ : बाप्पा! मंग माही टॅक्सी जास्त मॉडर्न झाली ना.

सर : बांधणीत हो. आणि इटलीत त्याच वेळी काय चाललं होतं? सिसितालियाला बारीक नळ्यांचा सांगाडा. विमानासारखा. त्यावर हातोडीने ठोकून काढलेली ॲल्युमिनियमची कातडी. इंजिन पद्मिनीचं. म्हणजे त्याला चढवलेलं, पण मूळ तेच, 68 मिलिमीटर व्यास, 75 मिलिमीटर स्ट्रोक. आणि ती गाडी ताशी दीडशेच्या वर जायची. एमजी-एही जवळपास तेवढंच जायची. पण तिच्याकडे चारशे सीसी जास्त होते. चारशे सीसीचं काम ह्यांनी आकाराने केलं, वजन कमी करून केलं. ह्याला म्हणतात डिझाइन.

भाऊ : इंजिन आनलं कुठून?

सर : फियाटचं. दान्ते जाकोसा नावाच्या इंजिनिअरच्या हाताखाली 1937 मध्ये निघालेलं. सिसितालियाची पहिली शर्यतीची गाडीही, 1946 ची एका माणसाची डी-46, त्यानेच आखली.

भाऊ : मंग तेही तेच करून राह्यले ना, घरच्या गाडीचं इंजिन उचलून. फक्त अंगरखा भारी.

सर गप्प झाले. भाऊंनी नेमका खिळा ठोकला होता. दोन परंपरा म्हणून आपण ज्यांची नावं घेतो, त्यांचं मूळ भांडवल सारखंच होतं: गल्लीतल्या मोटारीचं इंजिन. एन्झो फेरारीलासुद्धा ह्याच रस्त्याने यावं लागलं. आल्फा रोमेओशी झालेल्या करारामुळे काही वर्षं त्याला गाडीला स्वतःचं नाव देता येत नव्हतं. 1940 च्या मिल्ले मिलिया शर्यतीसाठी त्याने आठ सिलिंडरांची 815 नावाची गाडी काढली, ती फियाट अकराशेचे सुटे भाग वापरून. आठ सिलिंडरांसाठी फियाटची दोन हेड. दोन गाड्या पळवल्या, एकीवर तरुण आल्बेर्तो आस्कारी. दोन्ही शेवटपर्यंत पोहोचल्या नाहीत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं आणि फेरारीच्या पहिल्या गाडीचं असं सोयरपण आहे, आणि मला ते फार आवडतं. भाऊंना सांगितलं तर म्हणाले, "मंग मध्येच बंद पडाची सवय तिथूनच आली."

सर : नुव्होलारीचं ऐकलंय? तात्सिओ नुव्होलारी. डी-46 ची पहिली शर्यत तोरिनोत. शर्यत चालू असताना स्टिअरिंग व्हील त्याच्या हातात आलं. निखळून! त्याने काय करावं? ते हातात धरून वर केलं, पिटमधल्या लोकांना दाखवलं आणि उघड्या दांड्याला धरून गाडी चालवत राहिला.

भाऊ : नट कोनी कसला होता?

सर : भाऊ, तुम्हाला त्यातली शान दिसत नाही का?

भाऊ : शान दिसते. पन नट ढिला होता हेबी दिसते. माह्या गाडीत सहा लोकांचे जीव राहे, मले नट पहिले दिसते.

सर : पुढच्याच वर्षी, 1947 मध्ये, मिल्ले मिलियात तोच नुव्होलारी उघड्या सिसितालियात बसला. वय पंचावन्नच्या आसपास, फुप्फुसं खराब झालेली. अकराशे सीसीची गाडी घेऊन मोठमोठ्या आल्फांच्या पुढे होता. मग मुसळधार पाऊस आला, इंजिनात पाणी गेलं, वेळ गेला. तरी दुसरा आला.

भाऊ : हे मात्र जमलं. ह्याच्यासाठी मी चहा सांगतो.

चहा आला. भाऊंनी विचारलं, त्या कंपनीचं पुढे काय झालं? सरांनी नाराजीनेच सांगितलं: सिसितालियाचा मालक पिएरो दूसिओ ह्याला ग्रां प्री जिंकायचं वेड लागलं. त्याने पोर्शच्या मंडळींकडून एक महागडी शर्यतीची गाडी आखून घेतली, तिच्यात पैसा गेला, कंपनी बुडाली, तो अर्जेंटिनाला निघून गेला. भाऊ काही बोलले नाहीत, नुसते मान डोलवत राहिले. एमजीचा अबिंग्डनचा कारखाना 1980 पर्यंत चालला, आणि सरांकडे ह्याचं उत्तर नाही.

तरीही हातात किल्ली दिली तर मी फियाटचीच घेईन. पद्मिनीचं इंजिन वर चढतं तेव्हा पायाखाली जे थरथरतं ते ॲम्बेसेडर कधी देत नाही. ती फक्त काम करते. आवडीच्या बाबतीत हिशेब चालत नाही, एवढंच माझ्याकडे कारण आहे.

खरा वाद पुढे झाला, आणि त्यात गाड्या बाजूला राहिल्या.

सर : मला एक गोष्ट डाचते, भाऊ. ही दोन्ही इंजिनं आपल्याकडे बनत होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर कंपनी काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. फियाट अकराशे तिथून निघाली, ती 1974 पासून पद्मिनी झाली. तिकडे उत्तरपाड्याला बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स, ॲम्बेसेडर. ज्या कच्च्या मालातून इंग्लंडने एमजी काढली आणि इटलीने सिसितालिया, तो माल आपल्याकडे दशकानुदशकं पडून होता. आणि दोन्हीपैकी एकाही कारखान्यातून स्पोर्ट्स कार निघाली नाही. एकही नाही!

भाऊ : काऊन निंगाव?

सर : म्हणजे?

भाऊ : नंबर लावून फियाट भेटे, वर्षानुवर्षं थांबा लागे. जे बनवलं ते विकल्या जाये. मंग मालकाले काय पडली होती? किती गाड्या बनवाच्या ते सरकार सांगे, किंमतबी काही वर्षं सरकारच सांगे. तुम्ही त्या जागी राहते तं दोन शिटची गाडी बनवली असती काय?

सर : मी बनवली असती.

भाऊ : आन मी घेतली नसती. सर, दोन शिटची गाडी घेऊन आपन काय करनार होतो? माय कुठं बसवू, बाप कुठं बसवू? बायको, दोन लेकरं, आन गावाकडून आलेला एक पाहुना, हे आपलं माप. तो इंग्रज शनिवारी एकटा फिराले जाये बायकोले घेऊन. आपल्याकडे एकटा फिरनाऱ्याले लोक विचारते, घरी भांडण झालं काय?

सरांनी मद्रासजवळच्या शोलावरमचा दाखला काढला. महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब शर्यती घ्यायचा. तिथे फियाटमधली आसनं काढून, हेड घासून, सायलेन्सर उडवून पोरं गाड्या पळवायची. म्हणजे हौस होती, हात होते; कारखाना नव्हता. इंग्लंडात असल्या हौशी पोरांच्या मागे किम्बरसारखा एक दुकानदार उभा राहिला, त्यांच्याकडून गिऱ्हाईक तयार झालं. आपल्याकडे गिऱ्हाईक आधीच रांगेत उभं होतं. मला सरांची हळहळ पटते आणि भाऊंचं कारण त्याहून जास्त पटतं. परवान्यांच्या राज्याला सगळा दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण आपल्या मध्यमवर्गाने स्पोर्ट्स कार कधी मागितली होती, हे कोणी विचारत नाही. तरुणांची ती भूक येझदी-बुलेटने भागवली, आणि तीही मागच्या सीटवर कोणीतरी बसवूनच.

तोवर पद्मिनी थंड झाली होती. सरांनी विषय बदलला. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना 2021 च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. सरांची गाडी त्या वयात आली आहे.

भाऊ : मंग करून टाका. एमएच व्हीए, भारी दिसंन.

सर : पण मग रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यालाच बाहेर काढायची.

भाऊ : दुरुस्तीले चालते ना? मंग तुमचं काय अडलं, तुम्ही तं तशीबी इथंच आनता.

सर : आणि बाजारात जायचं झालं तर? मला नाही ते संग्रहालय करायचं. साधी फिटनेस करून घेतो, जितकी वर्षं देतील तितकी. फक्त इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून रबरी नळ्या फुगतात, त्या बदलून द्या.

भाऊंनी पोराला हाक मारून नळ्यांचं माप घ्यायला सांगितलं. सर मात्र पुन्हा बाकावरच्या इंजिनाकडे वळले, खाचेवर बोट फिरवलं.

सर : हे भंगारात देऊ नका, भाऊ. नागपूर-पुण्याला एखाद्याकडे जुनी एमजी असेल, त्याला बी-सिरीजचा ब्लॉक लागू शकतो.

भाऊ : माह्या टॅक्सीचं इंजिन त्या दोन शिटच्या गाडीत?

सर : मूळचं नातं आहे.

भाऊ : देईन. किलोच्या भावानं नाही देनार. आन त्याले सांगा, पहिले बोअर करून घे, आन दोन कार्ब्युरेटर लावले तं दोन्ही सारखे ट्यून करून घे. नाहीतं आनजो माह्याकडे, मी करून देतो.